मागचा नवा हवा

जीपला चार चाकं होती म्हणून बरं. सहा असती तर पांढरीपांड्यांनी शेजाऱ्यांना बोलावून उरलेली दोन वाटून टाकली असती.

राधिका कमरेवर हात ठेवून त्या चाकांकडे बघत होती. लग्न होऊन पुण्याहून रायपूरला आल्यापासून तिनं या घरात बरंच काही पाहिलं होतं, पण एका गाडीला चार तऱ्हेचे टायर तिनं जन्मात पाहिले नव्हते. पुढचा डावा सासऱ्यांच्या आग्रहाचा. जीप घेतली तेव्हापासून मागे टांगलेली स्टेपनी होती ती. नरहररावांचं म्हणणं, तिनं आजवर एकदाही दगा दिला नाही. देईल कशी? बिचारी कधी जमिनीला टेकलीच नव्हती. पुढचा उजवा राधिकेनं स्वतः पसंत करून आणलेला, नवाकोरा. त्याचा जोडीदार जागा न मिळाल्यामुळे गवतावर आडवा पडला होता. मागचा उजवा नणंदेचा, निधीचा, ट्रॅक्टरला शोभतील असल्या ठोकळ्यांचा, खास चिखलासाठी. आणि मागचा डावा नवऱ्याचा.

सचिनचं सिलतऱ्याला टायर रिमोल्डिंगचं वर्कशॉप होतं. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्या रबराचा पट्टा चढवून तो कारखान्यांचे ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा. जीपच्या दोन्ही अंगांना त्यानं लाल रंगात लिहून घेतलं होतं, 'पांढरीपांडे रिमोल्ड, पुन्हा नवं!' तेव्हा निदान एक चाक तरी घरच्या मालाचं पाहिजे, यावर तो अडून बसला होता.

"अहो, हिला शर्यतीत न्यायचंय की सर्कशीत?" राधिका म्हणाली.

"सकाळी चहाला एकमत झालं नं आपलं?"

"याला एकमत म्हणतात?"

"प्रत्येकाचं एक-एक मत. एकमतच झालं ते." सचिननं रुमालानं मान पुसली. "अन् तू मले काहून बोलून राहिली? त्या टँकरवाल्याले बोल."

टँकरवाल्याला बोलण्यात अर्थ होताच म्हणा. राज्याच्या वाढदिवसाचा उत्सव होता. राज्य तीन वर्षांचं आणि राजधानीही तीन वर्षांची, त्यामुळे शहरात रस्ते कमी आणि पाहुणे जास्त झाले होते. धान कापून मोकळ्या झालेल्या या माळावर गाड्यांची शर्यत ठेवली, मांडव घातला, सोफे आणले. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ उडणार. लगेच टँकर आला. पण पाणी मारलं ते फक्त मांडवासमोर! आता अर्धी वाट फुफाट्याची आणि मांडवासमोरची वाट म्हशी लोळाव्यात अशा चिखलाची. सुक्याचा टायर लावावा तर चिखलात फसणार, चिखलाचा लावावा तर सुक्यात फरपटणार. बाकीच्या संघांनी विचार करून काहीतरी एक ठरवलं. पांढरीपांड्यांनी सगळंच ठरवलं.

"निधी, तुला तरी पटतंय का हे?" राधिकेनं विचारलं.

निधी हेल्मेट मांडीवर घेऊन बॉनेटवर बसली होती. तेवीस वर्षांची पोरगी, घरातल्या कुणाहीपेक्षा जीप चांगली चालवणारी, आणि घरातल्या कुणाहीपेक्षा कमी बोलणारी. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर यायचं ते हिंदीत, नाहीतर छत्तीसगढी 'हव' म्हणजे 'हो' एवढ्यावर भागायचं. बाबांनी सांगितलं सावकाश चालव, हव. दादानं सांगितलं सुसाट चालव, हव. सगळ्यांना हव म्हणायचं आणि मग आपल्या मनासारखं करायचं, हा तिचा लहानपणापासूनचा खाक्या.

"हव," ती राधिकेला म्हणाली.

"पटतंय की नाही पटत?"

"हव, वहिनी."

राधिकेनं कपाळावर हात मारला. तिला या पोरीची काळजी वाटत होती, आणि रागही येत होता. या आधी तीन शर्यतींत जीप एकदाही शेवटच्या रेघेपर्यंत पोचली नव्हती. आज सकाळी नरहररावांनी चहाचा कप खाली ठेवून निकाल दिला होता, आज गाडी रेघेपार गेली तर राहील. नाही गेली तर सोमवारी सचिननं वेल्डर बोलवावा, मागचा भाग कापून हौदा बसवावा आणि जीप टायर वाहायला लावावी. सचिननं वेल्डरला फोनही करून ठेवला होता. निधीचा घास तसाच तोंडात राहिला होता. पण तेव्हाही ती म्हणाली काय, तर हव.

इतक्यात भोंगा खरखरला. "पांडेजी की टीम के मैनेजर, कृपया मंच के पास आएँ!"

"पांडेजी नाही, पांढरीपांडे!" नरहरराव ओरडले आणि निघाले. सचिनही निघाला. आपण नाही गेलो तर हे दोघं काय करून येतील या भीतीनं राधिकाही निघाली. मंचाजवळच्या माणसानं तिघांना एका ओळीत पाहिलं.

"मैनेजर कौन है?"

"मी," तिघंही म्हणाले.

* * *

नरहरराव रेल्वेत गार्ड होते. होते म्हणजे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते रेल्वेच्या लेखी. त्यांच्या स्वतःच्या लेखी गाडी अजून त्यांच्याच शिट्टीवर सुटत होती. गळ्यात शिट्टी, काखेत लाल आणि हिरवी अशा दोन झेंड्या, पांढरी कडक पँट. ड्रायव्हर कितीही शहाणा असला तरी गाडीचा मालक गार्ड, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि ही साधी गोष्ट घरातल्या कुणाला का समजत नाही याचं त्यांना खरोखर दुःख व्हायचं.

सगळ्या गाड्या ओळीत उभ्या राहिल्या. इंजिनं गुरगुरू लागली. मंचावरच्या मुख्य पाहुण्यांनी झेंडा खाली केला आणि धुळीचा लोट उठला. बघता बघता सगळ्या गाड्या गेल्या.

पांढरीपांड्यांची जीप सोडून. कारण जीपसमोर नरहरराव उभे होते.

"बाबा, हटो!" निधी आतून किंचाळली.

"थांब नं पोट्टी. अजून आपली शिट्टी झाली नाही." त्यांनी शांतपणे मागे पाहिलं. कुणी लटकलेलं नाही, कुणी चढायचं राहिलं नाही. मग बाजूला होऊन हिरवी झेंडी उघडली आणि लांबलचक शिट्टी मारली.

सचिन डोक्याला हात लावून खाली बसला. "बाबा, ही काय पॅसेंजर आहे का हो?"

"उशिरा सुटलेली गाडी टायमावर नेता येते," नरहरराव म्हणाले. "चुकीची सुटलेली नाही नेता येत."

सगळ्यात मागून, सगळ्यांची धूळ खात, निधीनं अशी काही जीप पिटाळली की मांडवातले लोक उठून उभे राहिले. गाडी विचित्रच पळत होती. पुढून डावीकडे ओढायची, मागून उजवीकडे. सुक्यात ठोकळ्यांचा टायर दणदण उडायचा, चिखलात स्टेपनी घसरायची. चार जणांनी चार दोऱ्या धरून ओढावं तसं चाललं होतं सगळं. तरी तिनं एक गाडी मागे टाकली. मग आणखी एक टाकली. नरहरराव टाचा उंचावून बघत होते. लेक सरळ गेली नसेल, पण गेली काय जोरात! त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून डोळे पुसले आणि धुळीला शिव्या घातल्या.

* * *

मध्ये प्रत्येक गाडीनं एकदा थांबायचं, हवं ते बदलायचं आणि पुढे जायचं, असा नियम होता. त्या थांब्यावर राधिकेच्या सासूबाई, इंदूबाई, कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांभारवड्यांचा डबा एका बाजूला आणि हवा मोजायचा काटा दुसऱ्या बाजूला घेऊन बसल्या होत्या. सकाळी चाकं वाटली गेली तेव्हा त्या वड्या तळत होत्या. त्यांना मत विचारायचं राहूनच गेलं, म्हणून मग नवऱ्यानं त्यांना हवा दिली. "हवा तुझ्याकडे," ते म्हणाले होते, आणि इंदूबाईंनीही ती जबाबदारी मनावर घेतली होती.

एका गोष्टीनं मात्र त्या कायम गडबडायच्या. सुनेची भाषा. नागपूरकडच्या माहेरात आणि इथे रायपुरात त्यांनी जन्मभर 'पाहिजे' म्हटलं आणि 'पाहिजे' ऐकलं. सून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, चहा हवा का?" इंदूबाईंनी उठून पंखा लावला होता. तो किस्सा घरात अजून निघायचा.

जीप आली ती धाडकन थांबली. आवाज इतका की स्वतःचं बोललेलं स्वतःला ऐकू येईना. नरहरराव लाल झेंडी धरून पुढे उभे. सचिन तिकडे पंचांशी 'पांडेजी' या नावावरून भांडत होता. राधिका धावत मागे गेली आणि वाकून पाहते तर नवऱ्याच्या टायरचा पट्टा एका कडेनं उसवलेला, जिभेसारखा लोंबतोय!

"आई!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "मागचा नवा हवा! नवा हवा मागचा! लवकर!" आणि गवतावर पडलेला नवा टायर आणायला पळत सुटली.

इंदूबाईंना ऐकू आलं, मागचा, हवा, लवकर. सुनेनं पळता पळता बोट दाखवलं होतं तेही मागच्या डाव्या चाकाकडेच. हवा म्हणजे हवा, पण भरायची की काढायची? पंप तर सचिनच्या वर्कशॉपातच राहिला होता, म्हणजे काढायचीच असणार. तरी विचारलेलं बरं म्हणून त्या खिडकीशी गेल्या.

"निधे! हवा काढू काय वं?"

हेल्मेटच्या आत निधीला एवढंच कळलं की आई काहीतरी विचारते आहे.

"हव!" ती म्हणाली.

झालं! इंदूबाई मटकन चाकाशी बसल्या, व्हॉल्वची टोपी काढली आणि फुस्स. छान मनापासून काढली हवा. टायर बसायला लागला तसा तो लोंबता पट्टाही खाली दबून दिसेनासा झाला, म्हणजे आपण केलं ते बरोबरच केलं असं त्यांना वाटलं. त्यांनी टोपी लावून हात वर केला. नरहररावांनी कामाची तत्परता पाहून कौतुकानं मान हलवली आणि हिरवी झेंडी दाखवली.

राधिका छातीशी टायर धरून परत आली तेव्हा समोर नुसती धूळ होती.

"आई, गाडी कुठाय?"

"गेली नं. काढली मी हवा."

"हवा काढली?"

"तूच तं म्हणत होतीस. हवा, हवा, हवा!"

राधिकेनं टायर खाली सोडला आणि त्याच्यावरच बसली. आधी तिला रडू आलं. मग सासूच्या चेहऱ्याकडे पाहून असं हसू फुटलं की आवरेना. इंदूबाईंना काही कळेना, पण सून हसते आहे म्हणून त्याही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डबा पुढे केला.

"घे एक वडी. आता काय, जे होईन ते होईन."

* * *

आत बसलेल्या निधीला कळत होतं की मागे काहीतरी भलतंच झालंय. जीपचं बूड डावीकडे बसलं होतं. सुक्यात ती दारू प्यायल्यासारखी झुलायला लागली. 'गेली,' तिच्या मनात आलं, 'सोमवारी हौदा.' हे स्टीअरिंग, हा गिअरचा दांडा, जो तिसऱ्यात टाकताना नेहमी थोडा कुरकुरतो, हे सगळं टायर वाहणार, आणि आपण मांडीवर हात ठेवून बघणार. तिला आठवलं, आपण सकाळी हव म्हणालो होतो. का म्हणालो? कुणी गळा धरला होता?

आणि मग मांडवासमोरचा चिखल आला. पुढच्या गाड्या तिथे घसरत होत्या, चाकं जागच्या जागी फिरत होती. निधीनं देवाचं नाव घेऊन पाय दाबला. तो बसका टायर चिखलावर पसरला आणि त्यानं जमीन धरली. शेजारचे ठोकळे होतेच. जीप गुपचूप, काही न झाल्यासारखी, सगळ्यांच्या बाजूनं निघून गेली!

"अरे! पांडेजी की जीप!" भोंगा ओरडला. "पांडेजी सबसे आगे!"

"पांढरीपांडे!" नरहरराव ओरडले, पण आता त्यात राग नव्हता.

प्रत्येक फेरीला तेच. सुक्यात बाकीचे तिला गाठायचे आणि चिखलात ती त्यांना सोडून जायची. हेल्मेटच्या आत निधी मोठमोठ्यानं गात होती. कुठलं गाणं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या फेरीला रेघ समोर दिसत असताना, बरोबर सोफ्यांच्या पुढे, मागच्या डाव्या टायरनं हाय खाल्ली. पट्टा सुटून हवेत उडाला आणि मंचाच्या पायरीशी जाऊन पडला. उरलेला टायर रिमवरून उतरला. जीप गर्रकन फिरून वाटेत आडवी उभी राहिली आणि बंद पडली.

मागून सगळ्या गाड्यांचा गोंगाट येत होता.

नरहररावांनी विचार केला नाही. विचार करायची गोष्टच नव्हती ती. गाडी स्टेशनाच्या बाहेर, मध्येच थांबली, तर गार्डानं काय करायचं? मागे जायचं आणि मागून येणाऱ्या गाडीला लाल झेंडी दाखवायची. ते पांढऱ्या पँटनिशी चिखलात उतरले, पचक पचक करत जीपच्या मागे गेले, आणि दोन्ही हातांनी लाल झेंडी ताणून धरून उभे राहिले. आपल्या लेकीच्या अंगावर कुणी येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण लाल झेंडी म्हणजे शर्यत थांबली, हे प्रत्येक ड्रायव्हरला शिकवलेलं असतं. सगळ्यांनी करकचून ब्रेक मारले. आणि चिखलात थांबले ते तिथेच रुतले! एकाचंही चाक निघेना. एक जण बाहेर उतरला तो घोट्यापर्यंत गेला.

"बाबा!" निधी ओरडली. "ये क्या कर रहे हो?"

"तू पाहू नको मागे! मागचं मी पाहून राहिलो! तू गाडी काढ!"

जीप तिसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि मागच्या ठोकळ्यांनी चिखल धरला. तीन टायर आणि एक उघडी रिम, असा खडखडाट करत, मालगाडीच्या चालीनं ती रेघेकडे निघाली. मांडव टाळ्या पिटू लागला. इंदूबाई आणि राधिका एकमेकींचे हात धरून शेजारून धावत होत्या. जीपनं रेघ ओलांडली, आणि मुख्य पाहुण्यांनी कुणाची वाट न बघता खाली येऊन झेंडूचा हार निधीच्या गळ्यात घातला.

* * *

जीप बाद केली, हे सांगायला पंच आले तेव्हा हार घालून झाला होता. शर्यत थांबवायचा अधिकार पांडेजींना कुणी दिला, असं ते विचारत होते. पांढरीपांडे, असं सचिननं सुधारलं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. हार मात्र कुणी परत मागितला नाही.

सचिन मंचाच्या पायरीशी गेला. तिथे त्याचा पट्टा पडला होता, सगळ्या शहरासमोर. त्यानं तो उचलून खांद्यावर टाकला. कान तापले होते. पण परत येताना त्याला समोरचं दृश्य दिसलं आणि त्याचे पाय थबकले. ताडपत्रीवर बाबा बसले होते, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि आई त्यांची पँट ओल्या फडक्यानं पुसत होती. राधिका हवेचा किस्सा सांगत होती आणि हसण्यानं तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. असं सगळं घर एका ताडपत्रीवर शेवटचं कधी बसलं होतं? खांद्यावरचा पट्टा घेऊन तोही बसला आणि वडी उचलली.

"मंग," तो म्हणाला, "सोमवारचं काय? एक टायर नव्हता रेघेवर."

सगळ्यांनी नरहररावांकडे पाहिलं.

"गाडी स्टेशनात आली," नरहरराव म्हणाले. "कशी आली ते नंतर पाहू. पण मी आता नाही सांगणार. आजपर्यंत सगळे आपापलं सांगत होते, म्हणून तं चार तऱ्हेचे टायर झाले." ते लेकीकडे वळले. "तू सांग. ठेवायची का गाडी?"

निधीनं तोंड उघडलं. इंदूबाईंनी हवेचा काटा उचलून तिच्यासमोर धरला.

"खबरदार हव म्हणशीन तं! मी अजून एका चाकाची काढीन."

निधी हसली. हारातली एक पाकळी ती किती वेळ चुरगाळत होती. मग घरात कुणीच ऐकलं नव्हतं इतकं लांब मराठी वाक्य ती बोलली.

"गाडी मले पाहिजे. मीच सांगीन तशी. अन् चारही चाकं एकसारखी पाहिजेत."

सचिननं खिशातून मोबाईल काढून वेल्डरचा नंबर लावला आणि हौदा राहू द्या म्हणून सांगितलं. मग घसा खाकरून, मांडीवरचा पट्टा कुरवाळत, अगदी सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "चारही आपलेच रिमोल्ड लावू नं?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही," निधी म्हणाली.

नरहररावांनी चिखलात माखलेल्या झेंड्यांतून हिरवी शोधून काढली, झटकली, आणि ताडपत्रीवर बसल्या बसल्याच लांबलचक शिट्टी मारली.